पाचवं इंजिन

१

नॉटिंगहॅममधल्या मराठी आयांपैकी दर रविवारी स्पीडवेला जाणारी मी एकटीच असेन, आणि आजवर दोन वर्षांत मी एकही रेस पाहिलेली नव्हती. बर्गरच्या व्हॅनमागे घडीची खुर्ची टाकायची, ट्रॅककडे पाठ करायची आणि ऐकत बसायचं, हा माझा रविवार.

मंडळातल्या बायका विचारतात, "स्पीडवे म्हणजे मोटरवेवर चालवतात का गं?" मी सांगते, नाही. मातीचा लंबगोल ट्रॅक असतो, चार जण सुटतात, चार फेऱ्या मारतात आणि फक्त डावीकडे वळतात. गाडीला ब्रेक नसतो. इथे त्या हसतात, त्यांना वाटतं मी थट्टा करतेय. मला थट्टा करायची हौस नाही. माझा मुलगा वेद, मेडनहेडला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला आहे, भाजीत मीठ जास्त पडलं तर ब्लड प्रेशरवर भाषण देतो, त्यानं ब्रेक नसलेली मोटरसायकल घेतली. आणि माझ्या नवऱ्यानं, हरीशनं, स्वतः जीपी असून त्याला शाबासकी दिली. "निदान स्क्रीनसमोरून उठला," म्हणाला. तेव्हापासून माझ्या डोक्यात जी तिडीक बसली आहे ती गेलेली नाही.

मी ॲनेस्थेटिस्ट आहे. ऑपरेशन चालू असताना पेशंटच्या बोटाला लावलेल्या चिमट्याचा आवाज येत असतो, टुक टुक टुक. ऑक्सिजन कमी झाला की त्याचा सूर उतरतो. मी मॉनिटरकडे पाठ करून औषध भरत असले तरी तो जरासा उतरलेला मला कळतो. बघण्यापेक्षा ऐकण्यावर माझा भरवसा जास्त.

स्पीडवेतही ऐकलं की पुरतं. प्रत्येकाच्या मनगटाला एक दोरी बांधलेली असते, तिचं दुसरं टोक गाडीच्या स्विचला. माणूस पडला की दोरीचा हिसका बसतो आणि इंजिन बंद. म्हणजे चार इंजिनं वाजताहेत तोवर चारही पोरं गाडीवर आहेत. चाराची तीन झाली की कुणीतरी मातीत पडलंय. वेदचं इंजिन मी बरोबर ओळखते, ते घसा बसल्यासारखं वाजतं. ते वाजतंय ना, एवढंच मला हवं असतं. गार होत चाललेला चहा हातात धरून मी रागारागानं चार मोजत बसते.

२

मागच्या रविवारी एक पोरगा पडला. लोकांचा 'ऊऽऽ' आला, पाठोपाठ एक इंजिन गचकन बंद झालं. वेद त्या रेसमध्ये नव्हता, म्हणून मी शांतपणे मोजलं. चार.

पुन्हा मोजलं. चारच.

मग रेफरीनं लाल दिवे लावले असणार, कारण इंजिनं एकेक करून थांबली. तिसरं थांबलं तरी एक वाजत होतं. ते एकटंच माझ्या पाठीमागून डावीकडे गेलं, लांबच्या वळणावर बारीक झालं, परत जवळ आलं. व्हॅनमधली बाई कांदे परतत राहिली. मग तेही विरलं. थांबलं नाही, विरलं.

घरी येताना गाडीत मी हरीशला सांगितलं.

"एको असेल गं," तो म्हणाला. "पत्र्याचा स्टँड आहे ना समोर."

"इंजिन थांबल्यावर एको येतो का?"

"मग टिनायटस. कानात आवाज येतात, वयोमानानुसार होतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सोमवारीच मी आमच्या हॉस्पिटलमधल्या ऑडिऑलॉजिस्टला गाठलं आणि कान तपासून घेतले. रिपोर्ट उत्तम. तो हरीशच्या ताटाशेजारी ठेवला. त्यानं तो वाचला आणि वरण वाढून घेतलं.

३

या रविवारी क्लबचा नेहमीचा डॉक्टर आला नाही, त्याला नागीण झाली होती. डॉक्टर नसेल तर मीटिंग, म्हणजे त्या दिवसाच्या रेसेस, होत नाही, असा नियम आहे, आणि तो डॉक्टर तातडीच्या उपचारातला लागतो, हरीशसारखा जीपी चालत नाही. क्लबचा मॅनेजर बॅरी, पोट सुटलेला, मनाने चांगला, माझ्या खुर्चीपाशी येऊन उकिडवा बसला. "शिल्पा, लव्ह, फक्त एक दुपार. नाहीतर सगळ्या पोरांना घरी पाठवावं लागेल."

पाठव की, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्याच्यामागे वेद उभा होता, आणि त्याच्यामागे हरीश.

"प्लीज, आई," वेद म्हणाला.

"माझी अट आहे," मी बॅरीला म्हटलं. "मी ज्याला नाही म्हणेन तो उतरणार नाही. वाद नको."

"डॉक्टरचाच शब्द असतो," बॅरी म्हणाला. मी वाकून खुर्चीची घडी करायला लागले तेव्हा हरीशनं वेदला कोपर मारून डोळा मारलेला मला दिसला. यांना वाटलं, बाईला गटवलं.

ट्रॅकच्या डॉक्टरला मधल्या हिरवळीवर बसावं लागतं, ॲम्ब्युलन्सजवळ. चहूबाजूंनी ट्रॅक. तिथे पाठ करायला जागाच नाही.

४

पहिल्या रेसला मी डोळे उघडे ठेवले. लाल, निळं, पांढरं, पिवळं, अशी चार हेल्मेटं. सुरुवातीच्या रेषेवर ताणलेली फीत वर उडाली, चौघे सुटले. आधी नजरेनं मोजले, चार. मग डोळे मिटून कानांनी मोजले.

पाच.

मी माझ्या मनाशी जमेल तेवढं भांडले. समोर पत्र्याचा स्टँड आहे, आवाज परततो. परतू दे. मग तो स्टँडच्या बाजूनंच यायला हवा. मी ॲम्ब्युलन्सला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेले. पाचवं इंजिन स्टँडकडून येत नव्हतं. ते ट्रॅकवरून येत होतं, त्या चौघांच्या पुढे, वळणावर त्यांच्या आधी वळत होतं. जिथून आवाज यायचा तिथे नुसती विटकरी माती होती. दुपारचं छान ऊन पडलेलं होतं, बांधापलीकडे मेंढ्या चरत होत्या, आणि माझ्या दंडावर काटा आला होता.

रेस संपली. चौघांनी इंजिनं बंद केली आणि गाड्या ढकलत पिट्समध्ये, गाड्या ठेवायच्या आवारात, गेले. ट्रॅक्टर माती सारखी करायला फिरला आणि बाहेर गेला. ट्रॅक अगदी सपाट, नुकत्याच झाडलेल्या अंगणासारखा. ते अजून वाजत होतं. लांबच्या वळणावरून आलं, वाढत वाढत माझ्यासमोरून गेलं, आणि ओल्या मातीचा सपकारा माझ्या बुटांवर आणि सलवारीवर येऊन पडला.

ट्रॅकवर कुणी नव्हतं.

"जोआन," मी पॅरामेडिकला हाक मारली. ती ॲम्ब्युलन्सच्या पायरीवर सँडविच खात होती. "हे बघ."

तिनं बघितलं. "चिखल तर सगळीकडेच आहे," ती म्हणाली आणि मला ओला रुमाल काढून दिला.

५

मी तडक रेफरीच्या खोलीत गेले आणि म्हटलं, मीटिंग थांबवा. तो सभ्य म्हातारा होता. त्यानं विचारलं, कोणता रायडर अनफिट आहे? मी म्हटलं, ट्रॅकच ठीक नाही. तो म्हणाला, "ट्रॅक मी बघतो डॉक्टर, तुम्ही माणसं बघा." एवढं शिकून, एवढी वर्षं लोकांचे श्वास हातात धरून, मला एका लाकडी खोलीतून इतक्या गोडीनं घालवून दिलं की ओरडायलाही जागा ठेवली नाही.

मग मी पिट्समध्ये वेदकडे गेले. इंधनाच्या मिथेनॉलचा वास, रेडिओवर फुटबॉल. वेद गाडीच्या चाकापाशी बसला होता.

"तू आज उतरणार नाहीस," मी म्हटलं.

"आई, डोन्ट स्टार्ट. माझा रेस नेक्स्ट आहे."

"ट्रॅकवर आणखी एक गाडी आहे."

मला वाटलं तो हसेल. त्यानं हातातला पाना खाली ठेवला आणि आजूबाजूला बघितलं. त्याचा चेहरा उजळला होता. लहानपणी क्रॉयडनला मावशीकडे पहिल्यांदा ट्राम बघितली होती तेव्हा असाच उजळला होता.

"तुला पण ऐकू येते?" तो हळूच म्हणाला. "मला वाटला फक्त मीच. बाकी कोणाला नाही येत, आई. आय आस्क्ड."

"कधीपासून?"

"ईस्टरपासून. इट्स ऑलवेज जस्ट अहेड. आधी खूप पुढे असायची, हाफ अ लॅप. आता एकदम जवळ आहे, मी हात लावू शकतो असं वाटते. म्हणूनच तर मी फास्ट झालो ना. आज मी पकडणार."

"आणि पकडल्यावर काय?"

त्यानं खांदे उडवले. हा विचार त्यानं केलाच नव्हता. एवढं शहाणं पोर, कुठल्याही गोष्टीचे दहा रिव्ह्यू वाचल्याशिवाय टोस्टरसुद्धा घेत नाही, आणि हा विचार त्यानं केला नव्हता. मला त्याच्या मुस्कटात मारावीशी वाटली. मला त्याला पदराखाली झाकून घरी न्यावंसं वाटलं. मी सलवार-कमीजवर वॉटरप्रूफ जॅकेट घातलेली बाई होते, पदर नव्हता. मी बॅरीला हाक मारली.

"वेद अनफिट आहे," मी मोठ्यानं म्हटलं. "सकाळच्या प्रॅक्टिसमध्ये डोक्याला मार लागलाय. कन्कशन. मी त्याला उतरू देणार नाही."

एवढी वर्षं या धंद्यात आहे, पण पेशंटबद्दल खोटं मी आज पहिल्यांदा बोलले, आणि मला त्याची काडीचीही लाज वाटली नाही.

"शी इज लायिंग," वेद म्हणाला. तो पांढराफटक पडला होता. "ती माझी आई आहे, बॅरी. मी पडलोच नाही सकाळी. आस्क एनीवन."

बॅरीनं टोपी काढून डोकं खाजवलं. आईनं मुलाला तपासणं बरं दिसत नाही, असं काहीतरी तो पुटपुटला, आणि मग त्याची नजर हरीशकडे गेली. हरीशपण डॉक्टरच ना.

"हरीश," मी मराठीत म्हटलं, "मी तुझ्याकडे आजवर कधी काही मागितलं नाही. आत्ता मागतेय. नाही म्हण."

हरीशनं वेदच्या डोळ्यांत टॉर्च मारला. मान फिरवून बघितली, बोट हलवून त्यामागे नजर फिरवायला लावली, इंग्रजीत तारीख विचारली. अगदी रीतसर. मी त्याच्याकडे बघत होते आणि तो माझ्याकडे बघत नव्हता.

"ही इज फाइन," तो बॅरीला म्हणाला. मग मला मराठीत, समजुतीच्या सुरात, "शिल्पा, सगळ्यांसमोर पोराचा असा तमाशा नको करूस. घरी बोलू."

घरी बोलू. आमच्या लग्नात जे जे वाईट झालं ते या दोन शब्दांनी सुरू झालेलं आहे.

वेद गाडीवर बसला. दोघांनी ढकललं, इंजिन खोकलं आणि धरलं.

६

मी हिरवळीवर उभी राहिले. निघूनही जाता आलं असतं. डॉक्टर गेला की मीटिंग थांबते. पण पिट्समधून बाहेरच्या फाटकापर्यंत जायला वेळ लागला असता, आणि तेवढ्यात फीत वर गेली असती, आणि मी तिथे नसते. फीत वर गेलीच.

पाच ऐकू आली. वेदला लाल हेल्मेट होतं. पहिल्याच वळणाला तो सगळ्यांच्या पुढे आला आणि त्याच्या पुढे फक्त तो आवाज राहिला. मागचे तिघे कुठे आहेत याकडे माझं लक्षही नव्हतं. वेदचं बसक्या घशाचं इंजिन आणि त्याच्या पुढचं दुसरं. त्यांच्यातलं अंतर मी कानांनी बघत होते. दुसऱ्या फेरीत ते कमी झालं. तिसऱ्या फेरीत दोन आवाज एकमेकांना घासायला लागले. स्टँडमधले लोक उठून उभे राहिले होते, हरीश कठड्यावरून वाकून टाळ्या वाजवत होता.

शेवटच्या फेरीला, लांबच्या वळणावर, मी पुन्हा मोजलं.

चार.

मला क्षणभर बरं वाटलं. हे मी लिहितेय याचा आत्ताही संताप येतो, पण बरं वाटलं. चार म्हणजे सगळं ठीक, हे कानांच्या इतकं अंगवळणी पडलेलं. वळणावर वेद गाडी आडवी करून आला तेव्हा त्याच्या पाठीशी, त्याच्या खांद्यांच्या किंचित पलीकडे, धूळ एका जागी जमून राहिल्यासारखी दिसली. तिला खांदे होते. त्याच्यासारखेच ती डावीकडे झुकवत होती. मग तो सरळ झाला आणि ती दिसेनाशी झाली.

तो पहिला आला. थ्रॉटल सोडला, गाडी घरंगळत हिरवळीच्या कडेला आली, इंजिन बंद झालं. तो नीट उतरला. गाडी आडवी ठेवली, हेल्मेट काढलं, गवतावर बसला, आणि मग, दमलेला माणूस पलंगावर पडतो तसा, पाठीवर आडवा झाला. लोक टाळ्या वाजवत होते.

बाकीची तीन इंजिनं थांबली. एक चालू होतं. घसा बसल्यासारखं.

७

मी पोचले तेव्हा त्याचे डोळे अर्धवट उघडे होते. "वेद," मी म्हटलं. "वेद, उठ. मी चिडलेली नाही." मानेला बोटं लावली. नाडी होती. मग बारीक व्हायला लागली, इतकी बारीक की सुटली असं वाटलं, आणि परत भरून आली. पुन्हा बारीक झाली. पुन्हा भरली. असली नाडी मी कधी हाताखाली घेतलेली नाही. तिसऱ्यांदा ती बारीक झाली तेव्हा मी मान वर करून ऐकलं. इंजिन लांबच्या वळणावर होतं.

ते जवळ आलं. माझ्या बोटांखाली माझ्या मुलाची नाडी दणदणीत वाजली.

जोआन आणि मी त्याला स्ट्रेचरवर घेतलं. हरीश धावत आला, त्याचं तोंड उघडं होतं. "ॲरिद्मिया," तो म्हणत होता, "शिल्पा, ॲरिद्मिया असणार, ठोके चुकताहेत, ताबडतोब क्वीन्स हॉस्पिटलला नेऊ या." बरोबरच होतं. मीही तेच म्हटलं असतं, त्याच्या आधी म्हटलं असतं. दोन वर्षं मी हेच मागत होते की माझ्या पोराला या जागेपासून लांब न्या. मी ॲम्ब्युलन्समध्ये चढले, जोआननं चिमटा वेदच्या बोटाला लावला, टुक टुक सुरू झालं आणि आम्ही निघालो.

पिट्स मागे पडली. सूर जरा उतरला.

पार्किंगमधून जाताना आणखी उतरला. दार बंद होतं तरी मला ट्रॅकवरचं इंजिन ऐकू येत होतं, मागे मागे, बारीक होत चाललेलं. मी स्वतःला सांगितलं, अंतर वाढतंय म्हणून आवाज कमी होतोय, आणि तो आजारी आहे म्हणून सूर उतरतोय. दोन वेगळ्या गोष्टी. फाटकातून बाहेर रस्त्याला लागलो. आवाज जवळजवळ गेला. सूर इतका खाली आला की तसा मी फक्त टेबलावर हातातून सुटलेल्या पेशंटचा ऐकला आहे. वेदचे ओठ निळे झाले.

"बॅग घे," जोआन हातानं श्वास द्यायची पिशवी पुढे करत ओरडली. "डॉक्टर, बॅग."

"गाडी मागे घे," मी म्हटलं.

"काय?"

"मागे. आत. ट्रॅकवर. आत्ता."

ड्रायव्हरनं आरशातून माझं तोंड बघितलं आणि वाद घातला नाही. आम्ही उलटे फाटकातून आत आलो. एकेक झुडूप मागे जात होतं आणि एकेक पायरी सूर वर चढत होता. हिरवळीवर येऊन थांबलो तेव्हा वेदच्या ओठांवर रंग होता आणि जोआन मॉनिटरच्या वायरी पुन्हापुन्हा तपासत होती.

आता लोक घरी गेलेत. हरीश दार बडवून बडवून थकलाय. मी आतून कडी घातली आहे. तो बाहेरून सांगतोय की हॉस्पिटल इथून किती जवळ आहे, की मी पोराला मारतेय, की मला वेड लागलंय. दुसऱ्या कुणाचा मुलगा असता तर मीही असंच दार बडवलं असतं. एकदा जोआननं मला समजावून पुन्हा निघायचा प्रयत्न केला. फाटकाच्या पलीकडे गेलो नाही तोवर तीच म्हणाली, मागे घ्या.

वेद झोपल्यासारखा आहे. उजवं मनगट अधूनमधून वळतं. इंजिन जवळून जातं तेव्हा तो खोल श्वास घेतो. लांबच्या वळणाला गेलं की मी त्याचा हात घट्ट धरते आणि ते परत येईपर्यंत माझा श्वास धरून बसते. आत्तापर्यंत दर वेळी आलंय.

खिडकीवर टकटक झाली. बॅरी होता, टोपी हातात, डोळे लाल. त्याच्या दुसऱ्या हातात फाटकाच्या किल्ल्या होत्या.

"शिल्पा, लव्ह," तो म्हणाला, "आता मला ट्रॅक बंद करावा लागेल."

मी काच खाली केली आणि म्हटलं, "करून बघ."